राजाच्या अंगणातली काठी

ती काठी माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली गावातल्या बऱ्याच बायका सांगत फिरतात की अम्मियाला धीर त्यांनी दिला, काठी रोवताना तिच्या पाठीशी त्या उभ्या होत्या. त्या दिवशी माझ्या पाठीशी फक्त आमचं खेचर उभं होतं, आणि तेही तहान लागली म्हणून.

माझा नवरा कादिस दळायची दगडी जाती घडवायचा. आमची जमीन काळी, जळकी. द्राक्षं गोड येतात आणि दगड जात्याला लागतो तसा खरबरीत निघतो. वर्षातून दोनदा कादिस खेचरावर जाती लादून काळ्या खिंडीपलीकडच्या बाजाराला जायचा. अकरा वर्षांपूर्वी, द्राक्षं तुडवायच्या दिवसांत, तो असाच गेला आणि चौथ्या दिवशी खेचर एकटंच परत आलं. खोगिरावर रक्त वाळलेलं होतं. कासरा सुरीनं कापलेला होता. जाती नव्हती आणि कादिसही नव्हता.

आमच्याकडे राजा एकच, चंद्रदेव मेन. गाव त्याचं, आम्ही त्याची रयत. माणसांतला राजा आम्हाला कधी लागलाच नाही. कुणाचं काही चोरीला गेलं, कुणी कुणाचा जीव घेतला आणि करणारा सापडला नाही, की ज्याचं गेलं त्यानं देवळाच्या अंगणात काठी रोवायची. नाव घ्यायचं नाही, कारण नाव ठाऊकच नसतं. ‘ज्यानं केलं त्याच्यावर’ एवढंच म्हणायचं. मग राजा त्याला शोधून काढतो, म्हणजे त्याच्या अंगावर काहीतरी उठवतो, बहुतेकदा डोळ्यांवर. तो आपल्या पायांनी येतो, काय केलं ते सगळ्यांसमोर बोलतो, दगडावर कोरून घेऊन दगड अंगणात उभा करतो. त्यानंतर ज्यानं रोवली त्यानंच काठी उपटायची, तेव्हाच राजाची पकड सुटते. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याच्या घरादाराचं खरं नाही. आणि रोवणारा मेला, मागे मूलबाळ नसलं, तर काठी तिथे कायमची राहते.

पुजारी मिडोन याबाबतीत फार काटेकोर. खूण दाखवल्याशिवाय तो कुणाला काठी रोवू देत नाही. रक्त दाखवा, प्रेत दाखवा, फोडलेली पेटी दाखवा. नुसता माणूस परतला नाही म्हणून काठी नाही. त्या वर्षांत आमच्याकडचे कितीतरी परतले नव्हते. रोमचे दोन सेनापती एकमेकांच्या उरावर बसले होते. तरुण माणसं कुणाच्या ना कुणाच्या सैन्यात जात, कुणी कंटाळून बंदराकडे पळून जाई, आणि त्यांच्या आया, भाऊ, बायका वाट बघत बसत. माझ्याकडे रक्ताचं खोगीर होतं. म्हणून मी रानबदामाची फांदी तोडली, सोलली आणि रोवली.

बिथिसचं नाव तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. खिंडीत वाटमारे आहेत, एवढं माहीत होतं. तो पलीकडच्या डोंगरातला, शेळ्या राखणाऱ्यांच्या घरातला. आधी त्यानं एका सेनापतीसाठी दुसऱ्याच्या धान्याच्या गाड्या अडवल्या. मग त्या सेनापतीचे दिवस फिरले, तसं यानं आपल्या जुन्या धन्याचीच माणसं खिंडीत कोंडून मारली. जिंकणारा खूश झाला. त्यानं बिथिसला पाच गावं दिली, जांभळ्या काठाचा झगा दिला आणि काहीबाही कोरलेला पितळी पत्रा दिला. बिथिसला अक्षर येत नव्हतं. पत्रा त्यानं सगळ्यांना दिसेल असा एका खेचरावर बांधला आणि त्या खेचरामागून तो आमच्या गावात शिरला.

लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. माझी शेजारीण त्रोफिमे हिनं त्याच्यावर अंजिराची पानं उधळली. मी तिला म्हटलं, लाज नाही वाटत? ती म्हणाली, वाटते, पण पोटही आहे. मी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

आल्या आल्या त्यानं देवळाला लागून असलेलं कोठार रिकामं करून त्यात आपलं घर थाटलं, आणि यापुढे मला राजा म्हणायचं असं सांगून टाकलं. मिडोननं मान खाली घालून त्याला समजावलं, की धनी, तो शब्द इथे देवासाठी ठेवलेला आहे, तुम्ही दुसरा कुठलाही घ्या. बिथिसनं त्याची दाढी मुठीत धरली आणि म्हणाला, मग तुझ्या देवाला दुसरा शोध. गाव गप्प बसलं. गप्प बसण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो अंगण बघायला आला. मी तिथेच होते. पावसानं काठी कलते, महिन्यातून एकदा जाऊन मी ती सरळ करत असे. कबुलीचे जुने दगड त्यानं नुसते नजरेखालून घातले आणि काठीपाशी थांबला. डोंगरातही देव हाच आणि चालही हीच, त्यामुळे ही काय आहे असं त्यानं विचारलं नाही. कुणाची, एवढंच विचारलं. मिडोननं सांगितलं, एका जातंवाल्याची, काळ्या खिंडीत मारला गेला, अकरा वर्षं झाली. मी बिथिसकडे बघत होते. त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं उजवा डोळा झाकला. डोळ्याला अजून काहीही झालेलं नव्हतं. नुसता हात गेला आणि मला नाव कळलं.

आठवड्याभरात तो डोळा लाल झाला. पंधरा दिवसांत त्यातून पू यायला लागला. लोक कुजबुजले की राजानं धरला. मिडोन हळूच म्हणाला, की राखही असेल. आमच्याकडे वाऱ्याबरोबर काळी राख उडते, परक्याच्या डोळ्यांना ती सोसत नाही. असेल. अकरा वर्षं मी वाट बघत होते, राजा राखेतून आला असता तरी माझी ना नव्हती.

मग त्याची माणसं माझ्या दारात यायला लागली. आधी म्हणाले, काठी काढ, मळा मिळेल. मी दार लावून घेतलं. मग माझ्या दोन मेंढ्या मेल्या. मग विहिरीचा दोर कापला गेला आणि शेजाऱ्यांनी मला पाणी द्यायचं नाही असं ठरलं, तेही त्यांनी निमूटपणे पाळलं. चौथ्या दिवशी मी अंगणात गेले आणि मिडोनसमोर मोठ्यानं खोकले. खोकला खराच होता, मी थोडा वाढवला. म्हटलं, पाण्यावाचून चार दिवस काढलेत, ही थंडी काही निघायची नाही. मूल ना बाळ, माझ्यामागे काठी बिचारी अशीच राहील.

हे बिथिसच्या कानावर जायला वेळ लागला नाही. दुपारी विहिरीला नवा दोर आला, माझ्या दारात मधाचा बुधला आला आणि भाले घेतलेले दोन पहारेकरी येऊन उभे राहिले. मी पळू नये म्हणून नाही. मी मरू नये म्हणून.

खरं सांगते, त्या दोघांना छळण्यात मला फार सुख मिळालं. मी शिडी लावून छपरावर चढले की ते खाली हात पसरून उभे राहायचे.

“मावशी, उतरा ना खाली. तुम्ही पडलात तर आमची मान जाईल.”

“जाऊ दे की. तुमच्या मानांचं मी काय लोणचं घालू?”

“माती थापायचीय ना? आम्ही थापतो.”

“दरवर्षी माझा नवरा थापायचा. तुमच्या धन्यानं त्याला मारला नसता तर आजही तोच थापत असता.”

छपराची माती शेवटी त्या वर्षी त्यांनीच थापली, आणि मला विचाराल तर वाईटच थापली.

हिवाळा सरता सरता बिथिसचा उजवा डोळा मिटला आणि डाव्यातून पाणी वाहायला लागलं. तेव्हा तो स्वतः आला. झगा नव्हता, सोबत कुणी नव्हतं. पहारेकऱ्यांना त्यानं लांब घालवलं आणि माझ्या उंबऱ्यावर बसला. मी लोकर विंचरत होते, ती तशीच विंचरत राहिले.

“बाई, काठी काढ.”

“आधी बोल.”

“बोलतो की. मी मारला. झालं?”

“कुणाला?”

“तुझ्या नवऱ्याला.”

“कसा होता तो?”

मी लोकरीचा पुंजका बाजूला ठेवला.

“कशानं मारलास? मरताना काय बोलला? टाकलास कुठे?”

“खिंडीत मारला. तुला आणखी काय पाहिजे?”

“मला तो पाहिजे.”

त्यानं डावा डोळा बाहीला पुसला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं आता हात उचलेल. पण तो विचारात पडला होता.

“कोणता गं तुझा?” त्यानं विचारलं. “लाल टोपीवाला? की तो बायकोचं नाव घेत रडला तो? एकाच्या पोत्यात नुसते कांदेच निघाले, आम्हाला हसू आवरेना. तो तर नव्हे?”

“आठव.”

“अकरा वर्षं झाली. कोण लक्षात ठेवतं? एक खूण सांग, मी काढून देतो.”

“खूण मी सांगणार नाही.”

खूण होती. कादिस लहानपणी ओट्यावरून पडला होता आणि त्याच्या डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं. कातडीखाली ऑलिव्हच्या बीएवढा उंचवटा होता. पंधरा वर्षं मी त्या उंचवट्यावर डोकं टेकून झोपले. हे त्याला सांगितलं असतं तर त्यानं कुणाचंही हाड मोडून माझ्यासमोर ठेवलं असतं.

तो म्हणाला, तुझी नखं उपटली तर सांगशील. मी म्हटलं, उपट, पण माझा जीव केवढासा आहे ते बघून उपट, मी मध्येच गेले तर बस आंधळा. तो उठला. जाताना त्यानं माझी लोकरीची टोपली लाथेनं उडवली. पण मला राग त्याचा आला नाही, तो आधीच इतका होता की आणखी मावत नव्हता. ‘बायकोचं नाव घेत रडला तो’, एवढेच शब्द डोक्यात राहिले. तो माणूस कादिस होता का, हे मला आजही कळलेलं नाही.

दहा दिवसांनी त्यानं देवळाच्या अंगणात गाव जमवलं. एका मोठ्या टोपलीत धुऊन पुसून ठेवलेली हाडं होती, वर द्राक्षाची दारू शिंपडलेली होती. तो स्वतः मिडोनचा खांदा धरून उभा होता. म्हणाला, हा घे तुझा नवरा, आता काठी काढ. मी टोपलीपाशी बसले आणि डावं हासळीचं हाड शोधलं. सरळ होतं. जबड्यातल्या अक्कलदाढाही फुटलेल्या नव्हत्या. दाढीसुद्धा न फुटलेल्या कुणाची तरी ती हाडं होती.

मी म्हटलं, हा माझा नाही. बिथिस ओरडला की ही खोटं बोलते. मिडोननं मला काठी धरून शपथ घ्यायला सांगितली आणि मी घेतली. आमच्याकडे काठी धरून कुणी खोटं बोलत नाही, हे बिथिसलाही माहीत होतं. त्याचा चेहरा पडला. मग तो चिडून म्हणाला:

“मग चल खड्ड्यावर, आणि तूच निवडून घे.”

डाळीतले खडे निवडावेत तसं तो म्हणाला होता. कितीतरी दिवसांनी त्रोफिमे माझ्याशी बोलली. अगदी हळू म्हणाली, “निवडून म्हणजे? किती आहेत?” ती टोपलीकडे बघत होती. तिचा मेनास सतराव्या वर्षी घरातून गेला होता. तो मिसरच्या जहाजांवर आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. कुठल्या तरी खलाशानं तिला तसं सांगितलं होतं म्हणे.

लोक आता म्हणतात, हे सगळं अम्मियानं आधीच ठरवलं होतं. खोटं आहे. मला बाकीच्यांचं काही पडलेलं नव्हतं. ज्यांनी चार दिवस मला पाणी दिलं नाही, त्यांचे मेलेले शोधायला मी कशाला जाऊ? मला कादिस हवा होता. चूक बिथिसनं आपण होऊन केली, आणि ती आमच्या देवाला मानणाराच करू शकतो. दुसरा कुणी असता तर साक्षीदारांना भ्याला असता. बिथिस फक्त काठीला भ्यायचा. अंगणात काठी एक, म्हणून देवापुढे मेलेलाही एकच. बाकीच्यांच्या नावानं कुणी काठी रोवलेली नव्हती, म्हणजे ते मेलेलेच नव्हते, असा त्याचा साधा हिशेब होता.

टोपली भरून आणली तेवढी पुरे म्हणत त्याची माणसं पुन्हा खड्ड्याजवळ जायला तयार होईनात. ज्यांना आपणच आत ढकललं त्यांना पुन्हा भेटायची त्यांना हौस नव्हती. तेव्हा त्यानं फावडी आणि दोर घेऊन गावाला बरोबर यायला फर्मावलं. वीसेक माणसं निघाली. त्रोफिमेला कुणी बोलावलं नव्हतं, ती आली. जोडे शिवणारा हर्मोलास आला, वयानं त्याला दोरही ओढवत नव्हता.

खिंडीच्या वरच्या अंगाला जळक्या दगडात एक मोठी भेग आहे. आत गारवा असतो आणि पाऊस पोचत नाही. बिथिसनं काठीनं चाचपत ती दाखवली आणि लांबच्या एका दगडावर जाऊन बसला. दोन्ही डोळ्यांवर ओलं फडकं बांधलेलं होतं. त्याची माणसं आणखी पलीकडे, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. दोराला बांधून मला आत सोडलं.

आत काय होतं ते मी सगळं सांगणार नाही. कोरड्या जागेत कातडं टिकतं, कापड टिकतं. मी एकेकाचा खांदा चाचपत गेले. सहावा कादिस होता. तो उंचवटा माझ्या अंगठ्याखाली आला. मी तिथेच त्याच्या शेजारी बसून राहिले. अकरा वर्षं मला वाटत होतं, तो सापडला की मी टाहो फोडेन. तसं काही झालं नाही. मी फक्त त्याला म्हटलं, खेचर घरी आलं होतं, त्याची काळजी करू नकोस.

मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या मागोमाग इतरही उतरलेत. हर्मोलास एक जोडा हातात घेऊन बसला होता. टाचेवरचं ठिगळ त्याचंच होतं. तीन टाके सरळ आणि एक तिरपा, तसं या भागात दुसरं कुणी शिवत नाही. तो जोडा त्यानं आपल्या धाकट्या भावाला लग्नात दिला होता. भाऊ दुसऱ्या बाईबरोबर पळाला, असं सगळं गाव म्हणायचं, आणि हर्मोलासनं अकरा वर्षं भावजयीचं तोंड बघितलं नव्हतं. त्रोफिमेच्या हातात विणलेला पट्टा होता. मेंढीच्या शिंगांची नक्षी, आणि एका जागी एक शिंग उलटं पडलेलं. ती चूक तिनं मला, मेनास गेला त्याच वर्षी, विणताना, हसून दाखवली होती. ती रडली नाही. पट्टा मनगटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली, पुन्हा गुंडाळत राहिली. कुणी तोंडातून आवाज काढत नव्हतं.

“सापडला का?” वरून बिथिसनं विचारलं.

मी वर आले आणि म्हटलं, “सापडला.”

तो मोठ्यानं हसला. सुटल्यासारखा हसला. “सांगितलं होतं ना, इथेच असणार. चला, बाकीचे टाका परत.”

गावकरी एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाच्या खांद्यावर आता शाल होती नाहीतर लोकरीचं पोतं होतं, आणि ते रिकामं नव्हतं.

“टाकले, धनी,” हर्मोलास म्हणाला.

परतताना मी कादिसला पाठीवर घेतलं. पहारेकऱ्यांपैकी एक जण म्हणाला, मावशी, द्या इकडे, जड होईल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चार पावलं मागे सरला.

मी माझा शब्द पाळायचं ठरवलं होतं. पुढचे तीन दिवस दगड घडत होता. बिथिसला दगडावर ‘पाच गावांचा राजा बिथिस’ असं हवं होतं. मी म्हटलं, ‘वाटमाऱ्या बिथिस’ लिहा, नाहीतर काठी तशीच राहील. तो म्हणाला, मी त्या वेळी सेनापतीच्या चाकरीत होतो, मला वाटमाऱ्या म्हणायचं नाही. शेवटी पाथरवटच म्हणाला, धनी म्हणतील तसं लिहितो, आणि माझ्याकडे बघून त्यानं हळूच एक डोळा मिटला. दगड अंगणात उभा राहिला तेव्हा पाथरवटानं मोठ्यानं वाचून दाखवलं: “मी, राजा बिथिस, काळ्या खिंडीत जातंवाल्या कादिसला मारलं. देवानं माझे डोळे धरले. मी कबूल झालो.” बिथिसनं खात्री करायला मिडोनलाही वाचायला लावलं. मिडोननं दगड बघितला. पहिल्याच ओळीत ‘वाटमाऱ्या’ होतं. ज्या दाढीला बिथिसनं हात घातला होता ती कुरवाळत त्यानं आवाज न हलवता ‘राजा’ असं वाचलं. त्या माणसाचं एवढं एक काम मला आवडलं.

रीतीप्रमाणे बिळातला एक उंदीर, एक चिमणी आणि नदीतला एक मासा बिथिसच्या डोक्यावरून ओवाळून सोडून दिले. सगळं गाव आलं होतं. मिडोननं मला खूण केली. मी काठीला हात घातला. अकरा वर्षांत बुड कुजलं होतं, ती सहज निघाली. मला वाटलं होतं हलकं वाटेल. मला फक्त थकल्यासारखं झालं. जमिनीत मुठीएवढं भोक राहिलं.

“सुटलो,” बिथिस म्हणाला. त्यानं फडकं काढलं आणि डाव्या डोळ्यानं आभाळाकडे बघितलं. म्हणाला, आत्ताच उजेड जास्त वाटतोय. आज बोकड कापा, सगळ्यांना जेवायला घाला, या म्हातारीलासुद्धा.

तेव्हा पहिला आवाज झाला. सोललेलं लाकूड मातीत ठोकल्याचा आवाज. मग त्याच्या शेजारी दुसरा. बिथिसनं मान वळवली.

“कसला आवाज आहे?”

सगळ्यांच्या खुणा मिडोननं आदल्याच दिवशी बघून घेतल्या होत्या, जोडा, पट्टा, कवटीवरची लाल टोपी, सगळं. तो बाजूला सरकून जागा करून देत होता. लोक एकामागून एक येत होते, ‘ज्यानं केलं त्याच्यावर’ असं म्हणत होते आणि ठोकून मागे होत होते. हर्मोलासबरोबर त्याची भावजय आली होती आणि काठी दोघांनी मिळून धरली होती. माझ्या दारातले ते दोन पहारेकरी एकमेकांकडे बघत होते. आता किती दारांत उभं राहायचं, हा त्यांना प्रश्न पडला असणार.

“अरे, कसला आवाज आहे हा?”

“काठ्या,” मी म्हटलं.

“कुणाच्या?”

माझं त्याच्याशी काही राहिलं नव्हतं. त्याचा हात पुन्हा डोळ्यावर गेला, या वेळी डाव्या. तो आवाजांच्या दिशेनं दोन पावलं चालला आणि एका काठीला अडखळून थांबला. ती काठी धरून तो सावरला आणि लगेच चटका बसल्यासारखा त्यानं हात काढला.

“तुमचे कोण होते?” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “एकेकाची खूण तरी सांगा. मी कबूल होतो ना. मी सगळ्यांचे दगड करतो. नुसतं सांगा, कोणता कुणाचा?”

त्रोफिमे त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ज्या हातांनी अंजिराची पानं उधळली होती, त्यांतल्या एकाला मेनासचा पट्टा गुंडाळलेला होता.

“आठव,” ती म्हणाली.